टेस्लाची बोट आणि काकाचं मोटर वाइंडिंग

1 जुलै 1998 ला अकोल्यातून वाशीम वेगळा जिल्हा झाला. ही तारीख आम्ही शाळेत इतक्या वेळा लिहिली आहे की झोपेतून उठवून विचारली तरी सांगू. बरोबर शंभर वर्षं आधी, 1 जुलै 1898 ला, निकोला टेस्लाने अमेरिकेत एका पेटंटसाठी अर्ज केला होता: तारेशिवाय, लांबून चालवता येणाऱ्या बोटीचं पेटंट. ते त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला मंजूर झालं, क्रमांक 6,13,809. या दोन तारखांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण मला तो योगायोग आवडतो. वाशीममध्ये रिमोटची बोट बांधणारा मी एकटाच असेन असं बरेच दिवस वाटत होतं, तेव्हा एखादा धागा कुठूनही चालला असता.

त्या पेटंटमधली चित्रं मोबाइलवर झूम करून बघा. वरून पाहिलेली बोट, झाकण काढलेलं. मागे पंखा, त्याला जोडलेली मोटर, सुकाणू फिरवणारी दुसरी छोटी मोटर, मध्ये बॅटऱ्यांची रांग आणि सिग्नल पकडणारा भाग. आजच्या कुठल्याही इलेक्ट्रिक रेसिंग बोटीचं झाकण काढलं तर हीच मंडळी भेटतात. फक्त बॅटरी लिथियमची झाली, सुकाणूच्या मोटरचा सर्वो झाला, आणि बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये स्पीड कंट्रोलर नावाची एक डबी येऊन बसली. या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरींचं काय करायचं हा प्रश्न मात्र तेव्हाही होता आणि आताही आहे.

टेस्लाने ही बोट 1898 मध्येच न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत लोकांना चालवून दाखवली. बिनतारी संदेश ही गोष्टच तेव्हा नवी होती. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली, त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. टेस्लाच्या बोटीतला सिग्नल पकडणारा भाग म्हणजे धातूची भुकटी भरलेली एक नळी. लहर आली की भुकटीतून वीज वाहू लागायची. मग भुकटी पुन्हा मोकळी करायला ती नळीच उलटी व्हायची. प्रत्येक सिग्नलनंतर एकदा.

सॉफ्टवेअरवाल्यांनी इथे जरा थांबावं. या बोटीला 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' असा हुकूम देता येत नव्हता. सिग्नल एकाच प्रकारचा. तो आला की आतली चकती एक घर पुढे सरकायची आणि चकती ज्या घरात असेल त्यानुसार सुकाणूची मोटर एका बाजूला फिरायची, थांबायची, दुसऱ्या बाजूला फिरायची. म्हणजे चक्क स्टेट मशीन. बोट कुठल्या स्टेटमध्ये आहे हे चालवणाऱ्याने डोक्यात ठेवायचं. पहिल्या नोकरीत मी ज्या जुन्या कोडची देखभाल करायचो ते याच तत्त्वावर चालायचं, फक्त त्यात चकती कुठे आहे हे कुणालाच माहीत नसायचं.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. 1906 मध्ये स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदोने बिल्बाओच्या बंदरात राजासमोर आपल्या 'टेलेकिनो' यंत्राने बोट चालवून दाखवली. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी स्फोटकं भरलेल्या बोटी लांबून चालवल्या, पण बिनतारी नव्हे, तारेने. बोटीत तारेचं प्रचंड रीळ, सुमारे 20 किलोमीटरचं, बोट पुढे जाईल तशी मागे तार सुटत जायची. 28 ऑक्टोबर 1917 ला अशाच एका बोटीने बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिशांच्या एरेबस या युद्धनौकेला धडक दिली. 1950 च्या दशकातल्या हौशी लोकांच्या बोटींत पुन्हा टेस्लाचीच युक्ती दिसते: बटण दाबलं की रबरबँडच्या पिळावर फिरणारी चकती एक घर पुढे. व्हॉल्व्हच्या रिसीव्हरला 45 किंवा 67.5 व्होल्टची वेगळी बॅटरी लागायची. मग ट्रान्झिस्टर आले आणि साठच्या दशकात आजचा सर्वो रुळला. त्याला तीन वायरी: प्लस, मायनस आणि सिग्नल. दीड मिलिसेकंदाचा ठोका आला की मधोमध, एकचा आला की एका टोकाला, दोनचा आला की दुसऱ्या. हे आजही तसंच आहे. इतकी टिकलेली एपीआय मी माझ्या धंद्यात पाहिलेली नाही.

आपल्या देशात या हौसेला आणखी एक कुलूप होतं. 1933 च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्टनुसार बिनतारी यंत्र नुसतं बाळगायलाही परवाना लागे. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला तो 2005 मध्ये. वायफाय त्याच पट्ट्यावर चालतं आणि आजचे बहुतेक बोटींचे रिमोटही.

आता माझ्या बोटीकडे येतो. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजच्या फेस्टमध्ये बोटींची शर्यत होती. सुट्टीत घरी आलो आणि काकाच्या दुकानात बसून बोट बांधली. काकाचं मोटर वाइंडिंगचं दुकान. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटरी तो भरून देतो. थर्माकोलवर फायबर चढवून सांगाडा झाला, आतली मांडणी मात्र माझ्या मनाची. बोटीचं नाक उचलू नये म्हणून बॅटरी पुढे हवी होती आणि स्पीड कंट्रोलर मागे मोटरजवळ चिकटवून झाला होता. मग काय, बॅटरीची वायर दीड फूट वाढवली. उरलेली गुंडाळून कोपऱ्यात कोंबली.

काकाने डोकावून पाहिलं. "काय रे बाबू, हे वायर एवढी लांब कायले ठेवली? कापाले भेतं का?"

मी म्हटलं, काका, हे डीसी आहे, पंप नाही.

"पंप असो का काही असो. लांब वायर व्होल्टेज खाते."

मी डेटाशीट वाचली होती. वायरचा रोध काढला, व्होल्टेजची घट काढली, नगण्य आली. काकाला कागद दाखवला. त्याने तो पाहिला, काही बोलला नाही, पुन्हा कॉइल भरू लागला.

गावाजवळच्या एका शेततळ्यात बोट सोडली. 'मागेल त्याला शेततळे' योजना नुकतीच आली होती आणि प्लॅस्टिक अंथरलेली तळी नवी कोरी दिसत होती. बोटीने दोन फेऱ्या झकास मारल्या. तिसऱ्या फेरीत धूर, मग मध्यावर शांतता. पोहत जाऊन आणावी लागली. शेततळ्याच्या त्या निसरड्या प्लॅस्टिकवरून वर चढता येत नाही, त्यात लोकांचे जीव गेले आहेत, हे मला माहीत होतं. तरी उतरलो. काकाने पंपाचा दोर टाकला आणि ओढून काढलं. घरी जाईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. त्या रागाचा अर्थ बोटीच्या किमतीत मोजता येणार नाही हे तेव्हा कळलं नव्हतं.

कंट्रोलर का जळाला हे नंतर समजलं. स्पीड कंट्रोलर वीज सलग सोडत नाही. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. लांब वायरीतून वाहणाऱ्या विजेला एकदम थांबवलं तर ती थांबत नाही, वाहत्या पाण्याचा नळ झटकन बंद केल्यावर पाइप धडकतो तसं होतं. तो धक्का कंट्रोलरच्या तोंडाशी असलेले कपॅसिटर सोसतात. वायर जितकी लांब तितका धक्का मोठा. कपॅसिटर तापतात, मरतात आणि त्यांच्यामागे ट्रान्झिस्टर जातात. म्हणून नियम असा: बॅटरी ते कंट्रोलर अंतर कमीत कमी, दोन्ही वायरी एकमेकींना लगटून. वाढवायचीच असेल तर मोटरकडची वाढवा, किंवा बॅटरीकडे जादा कपॅसिटर लावा. माझं गणित चुकलं नव्हतं, मी चुकीचं गणित केलं होतं. आणि काकाचं कारणही पूर्ण बरोबर नव्हतं. पण त्याचं ऐकलं असतं तर बोट जळली नसती.

दुसरी बोट बांधताना आधी कागदावर चित्र काढलं, टेस्लासारखं, वरून. बॅटरीला पुढेमागे सरकता येईल अशी वेल्क्रोची पट्टी, कारण नाक उचलणं तिथेच सोडवायचं असतं, वायरीने नाही. कंट्रोलर बॅटरीला लागून. रिसीव्हर जाड वायरींपासून दूर, फुग्यात बांधलेला. अँटेना एका नळीतून डेकच्या वर उभी, कारण पाणी 2.4 गिगाहर्ट्झ गिळून टाकतं. थंड पाण्याची सिलिकॉन नळी जोडण्यांच्या वरून न जाता बाजूने, म्हणजे गळली तरी कनेक्टरवर थेंब पडू नये. त्या पाण्याची धार बोटीच्या कडेने बाहेर पडताना दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली की बोट किनाऱ्याला आणायची.

या वेळी मोटर उलटी फिरली. ब्रशलेस मोटरला तीन वायरी असतात. मी मॅन्युअल उघडणार तोच काका म्हणाला, "कोणत्याबी दोन पलटव." विहिरीवरचा पंप उलटा फिरला की वाशीममधला कुठलाही शेतकरी हेच करतो. बोटीतल्या मोटरला चुंबक असतात, पंपाच्या मोटरला नसतात, पण फिरणारं चुंबकीय क्षेत्र दोन्हीकडे. इटलीचा गॅलिलिओ फेरारिस आणि टेस्ला दोघेही स्वतंत्रपणे त्यापर्यंत पोचले होते. टेस्लाला त्या मोटरची पेटंटं मिळाली 1 मे 1888 ला. म्हणजे महाराष्ट्र दिनाला, हा माणूस आपल्या तारखा सोडत नाही. काका तीसेक वर्षं त्याच्या त्या शोधाच्या जळालेल्या कॉइली काढून नव्या भरत आला आहे. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, टेस्ला म्हणजे ते गाडीवाले का?

आता मी पुण्यात असतो. मागच्या महिन्यात तिसरी बोट पूर्ण झाली. झाकण काढून फोटो काढला आणि काकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. वायरी सरळ, झिप टायने बांधलेल्या, लाल-काळ्या शेजारी शेजारी. बराच वेळ दोन निळ्या खुणा. मग उत्तर आलं:

"चांगली हाये. फ्यूज कुठं हाये?"

फ्यूज नाही. रेसिंग बोटीत बहुतेक जण लावतच नाहीत, एवढ्या विजेत तो नुसता अडथळा वाटतो. हे काकाला कसं सांगायचं याचा मी अजून विचार करतोय.