माकडतापाचा विषाणू आणि पुण्यातील संशोधन

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलात १९५७ साली वानरे व माकडे मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडू लागली. त्याच सुमारास लगतच्या गावांत तीव्र तापाची साथ पसरली. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वर आशियात शिरला की काय, अशी शंका प्रथम व्यक्त झाली. मात्र पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) वेगळा केलेला विषाणू निराळाच निघाला. गोचिडींमार्फत पसरणाऱ्या रशियातील मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते होते. साहजिकच संशोधकांचे लक्ष डासांवरून गोचिडींकडे वळले आणि ‘हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ ही गोचीड मुख्य वाहक ठरली.

बाधित माकड मरून पडले की त्याच्या अंगावरील गोचिडी आसपासच्या पाल्यापाचोळ्यात पसरतात आणि तो परिसर धोक्याचा बनतो. लाकूडफाटा आणणाऱ्या, गुरे चारणाऱ्या वा काजूबागांत राबणाऱ्या माणसांना त्या चावतात. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग होत नाही. अचानक चढणारा ताप, डोकेदुखी, तीव्र अंगदुखी, उलट्या व काही रुग्णांत रक्तस्राव ही लक्षणे दिसतात. सुमारे ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात. या विषाणूवर खास औषध नाही. वेळीच मिळालेले पूरक उपचार हाच आधार असतो.

अनेक दशके हा रोग प्रामुख्याने शिमोगा व लगतच्या जिल्ह्यांपुरता मर्यादित मानला जात असे. २०१२ नंतर तो तामिळनाडू व केरळमध्ये आढळला. २०१५ साली गोव्यातील सत्तरी आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचा उद्रेक झाला. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम नेमका काजूच्या हंगामाशी जुळतो.

रोगनिदानात मोठी प्रगती झाली असून जनुकीय चाचणीमुळे रुग्ण लवकर ओळखता येतो. लशीची कहाणी मात्र अपुरीच राहिली. कर्नाटकात वापरात असलेल्या लशीचे संरक्षण अल्पकाळ टिके, त्यामुळे वारंवार वर्धक मात्रा द्यावी लागे. तिची परिणामकारकता घटल्याचे आढळल्यावर २०२२ साली तिचा वापर थांबला. नव्या लशीसाठी प्रयत्न सुरू आहेत. तोवर मृत माकडाची खबर आरोग्य यंत्रणेला तत्काळ देणे, अंगभर कपडे घालणे व गोचीड प्रतिबंधक मलम लावणे, हेच बचावाचे खरे मार्ग आहेत.