थायरॉइड, सेलेनियम आणि रेशनचा गहू

रिपोर्टमध्ये ‘अँटी-टीपीओ’ वाढलेलं दिसलं की माणूस (मीसुद्धा) नेटवर बसतो आणि दहा मिनिटांत सेलेनियमच्या कॅप्सूलपर्यंत पोचतो. ही भानगड नक्की काय, ते जरा मागून सांगतो.

१९१२ साली जपानच्या फुकुओकात हाकारू हाशिमोतो या तरुण सर्जनने चार बायकांच्या गलगंडावर निबंध लिहिला. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ग्रंथी रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी खचाखच भरलेल्या होत्या. म्हणजे पोलीस भरपूर, चोर कुठेच नाही! निबंधाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. हाशिमोतो गावी जाऊन दवाखाना चालवू लागला आणि १९३४ साली टायफॉइडने गेला.

अडचण अशी की पॉल एर्लिखसारखा दिग्गज म्हणून गेला होता, शरीर स्वतःवर उलटणं टाळतं. पुढच्यांनी ते ‘उलटतच नाही’ असं वाचलं. १९५६ साली अमेरिकेत बफेलोला नोएल रोझने सशाच्या थायरॉइडचा अर्क त्याच सशाला टोचला आणि तो ससा स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागला. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि कॅम्पबेल यांना हाशिमोतो-रुग्णांच्या रक्तातही तशाच अँटिबॉडी सापडल्या. चोर नव्हताच, पोलीसच घर फोडत होते.

आता सेलेनियम. हार्मोन बनवायला थायरॉइड हायड्रोजन पेरॉक्साइड वापरते, आणि त्याच्या झळेपासून तिला वाचवणाऱ्या एन्झाइम्सना सेलेनियम लागतं. कॅप्सूलने अँटिबॉडी उतरल्याचं बऱ्याच चाचण्यांत दिसलं. पण त्यामुळे पेशंटला बरं वाटतं किंवा रोजची गोळी सुटते, हे काही सिद्ध झालेलं नाही.

आणि जास्त झालं तर? आमच्या बुलडाणा जिल्ह्यात २०२४ संपता संपता शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांमध्ये लोकांचे केस नुसता हात लावला तरी मुठीत यायला लागले. दोन-चार दिवसांत टक्कल. आधी खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर संशय, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून घेतले. रक्त, लघवी, केस, सगळीकडे सेलेनियम वाढलेलं. त्यांनी बोट दाखवलं ते पंजाबकडून आलेल्या रेशनच्या गव्हाकडे. हा ऑटोइम्यून आजार नव्हता, हे मुद्दाम सांगतो.

मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण ५५ मायक्रोग्रॅम. चाचण्यांतला नेहमीचा डोस २००. माझी बाटली अजून कपाटातच आहे. पुढच्या खेपेला डॉक्टरांना आधी रक्तातलं सेलेनियम मोजायचं का, ते विचारणार आहे.