ऑक्टेनचा आकडा आणि जीपचे इंजिन

आडवाटांनी, खडकाळ चढावांवरून आणि चिखलातून चालणाऱ्या वाहनाचा धनी पेट्रोलपंपावर उभा राहिला म्हणजे अधिक आकड्याचे व अधिक दामाचे इंधन भरल्याने वाहनाच्या अंगी अधिक बळ येईल, ही समजूत त्याच्या मनात बहुधा अगोदरच ठाण मांडून बसलेली असते. आणि ती इतकी सार्वत्रिक आहे की तो आकडा मुळात कशाचे माप म्हणून निर्माण झाला, याची चौकशी करावी असे फारसे कोणाला वाटत नाही. तो आकडा इंधनाच्या सहनशक्तीचा आहे. दट्ट्याने दाबलेले पेट्रोल व हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटले की ज्वाळेने सिलिंडरच्या एका बाजूकडून दुसरीकडे क्रमाने पसरावे, असा या यंत्राचा कायदा. परंतु दाब आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली तर ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकाएकी भडकते आणि धातूवर हातोडी पडावी तसा आवाज येऊ लागतो. आमचे मिस्त्री 'इंजिन नॉक करते' म्हणतात ते हेच.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या आवाजाने यंत्रशास्त्रज्ञांना हैराण केले होते, कारण मिश्रण जितके अधिक दाबावे तितके त्याच पेट्रोलातून अधिक काम मिळते, आणि त्या वाटेवर हा आवाज आडवा येत होता. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी दाबाचे प्रमाण हवे तसे बदलता येईल असे प्रयोगाचे इंजिन उभारून दोष इंधनाकडे असल्याचे दाखविले. अमेरिकेत डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या दिमतीस असलेल्या थॉमस मिजली यांनी अनेक द्रव्ये पेट्रोलात मिसळून पाहिली, आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने आवाज थांबतो असे त्यांना आढळले. अल्कोहोलनेही तो थांबतो, हे त्या दोघांना ठाऊक होते. परंतु शिशाचा थेंबभर अंश पुरत असे आणि त्याचे एकस्व घेता येत असे.

फेब्रुवारी १९२३ मध्ये हे शिसेमिश्रित पेट्रोल विक्रीस आले. शिसे विषारी आहे ही गोष्ट वैद्यकाला प्राचीन काळापासून माहीत असताना, ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले आणि तिसांहून अधिक रुग्णालयात गेले, तेव्हा कोठे सरकारला जाग आली. विक्री तहकूब झाली, मे १९२५ मध्ये परिषद भरली, ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या कामगार-आरोग्याच्या अभ्यासक विदुषीने स्पष्ट विरोध नोंदविला; आणि तरीही १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. यंत्राच्या एका दोषाचे निवारण करण्यासाठी पुढची अनेक दशके अर्ध्याअधिक जगातील बालकांच्या रक्तात शिसे उतरू दिले गेले, हा या इतिहासातील अक्षम्य भाग आहे आणि तो नजरेआड करून ऑक्टेनची कथा सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

त्याच १९२६ साली ग्रॅहम एडगर यांनी मापाची तजवीज केली. सहजासहजी न भडकणाऱ्या आयसो-ऑक्टेनला त्यांनी १०० दिले आणि अत्यंत अधीर अशा हेप्टेनला शून्य. ८० भाग पहिल्याचे व २० भाग दुसऱ्याचे अशा मिश्रणाइतके जे पेट्रोल टिकाव धरील ते ८० ऑक्टेनचे. हे हेप्टेन कॅलिफोर्नियातील जेफ्री पाइन वृक्षाच्या चिकापासून जवळजवळ शुद्ध स्वरूपात मिळे, ही निसर्गाची मोठीच देणगी म्हणावयाची. पुढे वॉकेशा कंपनीने या मापनासाठी प्रमाणित एकसिलिंडरी इंजिन बनविले. त्यावर परीक्षेच्या दोन पद्धती रूढ झाल्या: मिनिटाला ६०० फेऱ्यांची सौम्य 'रिसर्च' आणि ९०० फेऱ्यांची कठोर 'मोटर'.

१९४० मध्ये १०० ऑक्टेनच्या पेट्रोलने इंग्लंडच्या लढाऊ विमानांना ऐन संकटात अधिक जोर दिला, हे सर्वश्रुत आहे. पण तो जोर त्या इंजिनांत भरणा होणाऱ्या हवेचा दाब वाढविता आल्यामुळे मिळाला. त्याच युद्धातील जीपचा दाखला मला अधिक बोधप्रद वाटतो. कोणत्या मुलुखात कोणती रसद पोहोचेल याची शाश्वती नसलेल्या सैन्यासाठी घडविलेल्या विलीज कंपनीच्या त्या ६० अश्वशक्तीच्या इंजिनात दाबाचे प्रमाण अवघे ६.४८ ठेवले होते, आणि त्याला ६८ ऑक्टेन पुरत असे. तिला १०० ऑक्टेन पाजले असते तरी एक अश्वशक्तीही वाढली नसती. स्वातंत्र्यानंतर हीच विलीज जीप मुंबईत सुट्या भागांतून जुळविली जाऊ लागली, १९५४ व १९५५ साली तुर्भ्याच्या परिसरात दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, आणि सह्याद्रीच्या घाटवाटांवर सरकारी खात्यांची ही वाहने साध्या पेट्रोलवर बिनतक्रार धावली.

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून पेट्रोलातून शिसे हद्दपार झाले. जगातील अखेरच्या देशात, अल्जीरियात, मोटारींसाठीच्या शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री २०२१ मध्ये थांबली. आणि मिजलींनी बाजूस ठेवलेले अल्कोहोल आज महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून इथेनॉलच्या रूपाने पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते, व ऑक्टेनही वाढविते.

ऑल टेरेन वाहन बाळगणाऱ्या वाचकांना म्हणून माझी विनंती एवढीच, की पंपावर जाण्यापूर्वी वाहनाची पुस्तिका उघडावी. अमेरिकन पुस्तिकेत ८७ लिहिले असेल तर तो वरील दोन पद्धतींच्या सरासरीचा आकडा होय. आपल्याकडे 'रिसर्च' पद्धतीचा आकडा वापरतात, आणि त्या हिशेबाने ९१ चे पेट्रोल तेथील ८७ च्या साधारण बरोबरीचे आहे. पुस्तिकेतील आकड्याहून कमी ऑक्टेनचे इंधन घालून ओझ्यानिशी चढ चढविल्यास दट्ट्याला इजा पोहोचते. अधिकाचे घालून केवळ पैसा जातो. जुन्या वाहनात इथेनॉलमिश्रित पेट्रोल भरीत असाल तर इंधनाच्या रबरी नळ्याही तपासून घ्याव्यात.