ओकोटोक्स शिळा

ओकोटोक्स शिळा (प्रचलित नाव ‘बिग रॉक’) ही कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, कॅल्गरी शहराच्या दक्षिणेस, ओकोटोक्स या गावाच्या पश्चिमेला असलेली, हिमनदीने वाहून आणलेली प्रचंड शिळा आहे. सपाट गवताळ मैदानात एकटीच उभी असल्याने ती दुरूनही दिसते. तिची लांबी सुमारे ४१ मीटर, रुंदी १८ मीटर, उंची ९ मीटर असून वजन अंदाजे १६,५०० टन आहे. ब्लॅकफूट भाषेत ‘ओह्कोटोक’ म्हणजे दगड. गावाचे नाव याच शब्दावरून पडले.

आख्यायिका

ब्लॅकफूट लोकांच्या कथांतील नापी हा सृष्टी घडवणारा, पण तितकाच लबाड पुरुष आहे. एकदा उन्हाने त्रासून तो या शिळेवर विसावला आणि अंगावरचे कातड्याचे पांघरूण त्याने तिला देऊन टाकले. पुढे आभाळ भरून येताच त्याने ते परत मागितले. शिळा देईना, तेव्हा त्याने ते हिसकावून नेले. चिडलेली शिळा गडगडत त्याच्या मागे लागली. मदतीला आलेल्या बायसन, हरीण आदी प्राण्यांचे काही चालले नाही. अखेर वटवाघळांनी तिच्यावर झेपा घेतल्या आणि एकाची धडक वर्मी बसून शिळा दुभंगली. वटवाघळांची तोंडे चपटी झाली ती तेव्हापासून. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात; मात्र शिळा मूळची इथली नव्हे, हे कथाकारांनी भूवैज्ञानिकांच्या कितीतरी आधी ओळखले होते.

भूविज्ञान

शिळा क्वॉर्ट्झाइट या कठीण खडकाची आहे. आसपासच्या जमिनीत असा खडक नाही. तो सापडतो रॉकी पर्वतात, जॅस्परच्या परिसरात. हिमयुगाच्या अखेरच्या टप्प्यात तेथे कडा कोसळून दगड हिमनदीच्या पाठीवर पडले. पर्वताबाहेर आलेल्या या हिमनदीला ईशान्येकडील विशाल हिमस्तराने अडवले व ती दक्षिणेकडे वळली. बर्फ वितळल्यावर दगड वाटेत राहिले. अशा दगडांची सुमारे ५८० किलोमीटर लांबीची अरुंद रांग अल्बर्टातून अमेरिकेच्या मोंटाना राज्यापर्यंत जाते. तीतील सर्वांत मोठा दगड हाच. बर्फाखाली न घासता वरून आल्यामुळे त्याच्या कडा गोलावलेल्या नाहीत.

संरक्षण

शिळेवर गेरूने काढलेली पुसट चित्रे आहेत. ब्लॅकफूट लोक हे स्थान पवित्र मानतात. प्रांतिक शासनाने ते ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षित केले आहे. गिर्यारोहणाचा सराव करणाऱ्यांचेही हे आवडते ठिकाण आहे. परंतु हातापायांच्या घर्षणाने पुसला गेलेला गेरू पुन्हा मिळणारा नाही.