पांढरीच्या पोटात

साल 1973. आजच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला केळणा नदीच्या काठी, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडात खणलेल्या चौकोनी खड्ड्याच्या तोंडाशी तुम्ही उभे आहात. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांचं उत्खनन चालू आहे, शां. भा. देव आणि रमेश शंकर गुप्ते ते पाहताहेत. शिडीवर पाय ठेवा.

उतराल तसे मागे जाल. खड्ड्याची उभी भिंत वाचा: राखेचा पट्टा, त्याखाली चोपलेली जमीन, मग पुन्हा राख. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. पण कुठे गोल काळा डाग दिसला तर थांबा. नंतरच्या कुणी तिथं धान्याचं पेव खणलं असेल, तर वरची खापरं खालच्या शतकात जाऊन बसलेली असतात. पेव ओळखू आलं नाही की सगळा हिशेब चुकतो.

आणखी खाली. मातीत सातवाहनांचं नाणं चमकतं. राजा ओळखला की एक हद्द मिळाली: हा थर त्या राजाच्या आधीचा नाही. चुलीतल्या कोळशाला मात्र हात लावू नका, त्यावरून काळ मोजायचा आहे. झाड मेल्यापासून त्यातला कार्बन-14 घटत आलाय, दर 5,730 वर्षांनी निम्मा. कळतं ते लाकडाचं वय. जुना वासा जाळला असेल तर चूल त्याहून अलीकडची.

काळाचा आणखी एक पुरावा पाहायला आता इथून थेट इटलीत चला. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेनं पाँपेई गाडलं. त्या राखेखालच्या एका घरात 1938 साली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, वीतभराहून थोडी उंच. तशाच घडणीच्या मूर्ती भोकरदनला सापडल्या, म्हणून पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी ती तिथल्याच कारागिरांची मानली. 79 नंतर त्या घरात काही पोचणं शक्य नव्हतं. म्हणजे ही कारागिरी त्याआधीची. जालन्याच्या कारागिरीचा काळ परदेशातल्या ज्वालामुखीनं सांगावा, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

वर या. पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मातीबरोबर थर जातात. खापर उरतं, त्याचं साल हरवतं. म्हणून विनवणी: नांगराच्या तासात नाणं लागलं, तर घासूनपुसून देव्हाऱ्यात ठेवू नका. कुठे, किती खोल सापडलं ते लिहून ठेवा आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.