शब्दवेध : बहमनी

दादरच्या पारसी कॉलनीत ‘बहमन’ हा घरातला शब्द आहे. पारशी पंचांगातला हा अकरावा महिना. हा महिना ज्याच्या नावाचा, तो बहमन गुराढोरांचा रक्षक, म्हणून श्रद्धाळू कुटुंबं तो महिनाभर मांसाहार टाळतात. शाळेत शिकलेली बहमनी सत्ता याच शब्दाची.

आपल्याला मात्र दुसरीच गोष्ट पाठ असते. हसन हा दिल्लीच्या गंगू ब्राह्मणाचा चाकर. शेत नांगरताना मोहरांचा हंडा सापडला, तो त्याने मालकाला नेऊन दिला. पुढे सुलतान झाल्यावर कृतज्ञतेने त्या ब्राह्मणाचं नाव घराण्याला दिलं. ही कथा इतिहासकार फरिश्ताने लिहिली ती अडीचशेहून अधिक वर्षांनी. १३४७ साली दौलताबादेत गादीवर बसलेल्या अलाउद्दीन हसनची नाणी ‘बहमन शाह’ म्हणतात. हे नाव इराणी वीर इस्फंदियारच्या मुलाचं, आणि त्याच्याशीच हे घराणं आपलं कुळ जोडत होतं. ‘बहमन’ आणि ‘बामण’ यांच्या उच्चारसाम्यामुळे गंगूची कथा रुजली असावी.

आणखी मागे गेलं की पारशी धर्मग्रंथ अवेस्तातलं ‘वोहू मनह’ भेटतं. वोहू म्हणजे चांगलं, मनह म्हणजे मन. संस्कृतातले ‘वसु’ आणि ‘मनस्’ ही त्यांची सख्खी भावंडं.

१४३०च्या सुमारास बहमनी फौज दादरशेजारच्या माहीमपर्यंत आली आणि गुजरातच्या सुलतानापुढे हरली. राज्यं अशी येतात, जातात. त्या नावातलं ‘मन’ मात्र आपण रोज बोलतो.