अडकलेल्या आज्ञेचे निदान (युनिक्स-सदृश प्रणाली)

युनिक्स-सदृश संगणक प्रणालीवर दिलेली एखादी आज्ञा निकाल देत नाही, त्रुटी-संदेशही दाखवत नाही आणि टर्मिनल मोकळे करत नाही, तेव्हा ती आज्ञा अडकली किंवा हँग झाली असे म्हणतात. अशा वेळी दोष बहुधा आज्ञेत नसून ती ज्या साधनाची वाट पाहत असते त्या साधनात असतो. त्यामुळे आज्ञा बंद पाडण्याआधी ती कशाची वाट पाहते आहे, हे शोधणे हा निदानाचा गाभा ठरतो.

काही वेळा आज्ञा अडकलेली नसतेच. संचिकेचे नाव न देता चालवलेली 'कॅट' कीबोर्डवरील मजकुराची वाट पाहते. चुकून कंट्रोल-एस दाबल्यास टर्मिनलवरील मजकूर थांबतो व कंट्रोल-क्यू दाबताच पुन्हा सुरू होतो.

== प्रक्रियेची अवस्था ==

दुसऱ्या टर्मिनलवरून 'पीएस' चालवल्यास प्रक्रियेची अवस्था एका अक्षराने कळते. 'आर' म्हणजे धावती प्रक्रिया; ती दीर्घकाळ तशीच राहिली व निकाल आला नाही, तर अनंत आवर्तनाची शंका घ्यावी. 'एस' म्हणजे व्यत्यय स्वीकारणारी निद्रा. 'डी' ही व्यत्यय न स्वीकारणारी निद्रा असून मॅकओएसवर तिच्यासाठी 'यू' हे अक्षर वापरतात. या निद्रेतील प्रक्रियेला कंट्रोल-सी जागे करू शकत नाही. एरवी अमोघ मानला जाणारा ९ क्रमांकाचा 'किल' संकेतही प्रक्रिया जागी होईपर्यंत पडून राहतो. हा कर्नलचा दोष नव्हे. डिस्कशी चाललेला व्यवहार अर्धवट तुटू नये, यासाठी केलेली ती योजना आहे.

'एस' अवस्थेत 'एसट्रेस' हे साधन उपयोगी पडते. पॉल क्रॅनेनबर्ग यांनी १९९१ मध्ये ते मुळात सनओएससाठी लिहिले. प्रक्रियेने कर्नलकडे केलेली प्रत्येक मागणी ते ओळीओळीने दाखवते. 'डी' अवस्थेतील प्रक्रियेला ते जोडू पाहिल्यास मात्र तेच खोळंबते. तेथे लिनक्सवर '/प्रोक' निर्देशिकेत त्या प्रक्रियेच्या क्रमांकाखाली असलेली 'स्टॅक' ही संचिका प्रशासकाच्या अधिकाराने वाचावी. प्रक्रिया कर्नलच्या कोणत्या कार्यात थांबली आहे, हे तीत दिसते.

== उदाहरण: 'डीएफ' ==

डिस्कवरील मोकळी जागा सांगणारी 'डीएफ' ही साधी आज्ञा अडकण्याचे परिचित कारण म्हणजे एनएफएस. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये विकसित केलेल्या या पद्धतीत दूरच्या संगणकावरील संचिका स्थानिक असल्याप्रमाणे वापरता येतात. 'डीएफ' जोडलेल्या प्रत्येक संचिका-प्रणालीची विचारपूस करते. त्यांपैकी एकाचा सर्व्हर बंद असला, तरी आज्ञा तेथेच थांबते व बाकीच्या डिस्क सुस्थितीत असूनही यादी पूर्ण होत नाही. 'डीएफ -एल' फक्त स्थानिक प्रणाली तपासते. ती लगेच पूर्ण झाल्यास संशय जाळ्यावरील जोडणीवर स्थिरावतो. 'डीएफ' नव्याने 'एसट्रेस'खाली चालवल्यास शेवटची ओळ अपुरी राहते आणि तीतच दोषी मार्गाचे नाव सापडते.

लिनक्स कर्नलच्या २.६.२५ या आवृत्तीपासून (२००८) एनएफएसची वाट पाहणारी प्रक्रिया ९ क्रमांकाच्या संकेताने संपवता येते, जरी 'पीएस' तिच्यापुढे 'डी'च दाखवत असला. बिघडलेल्या डिस्कपाशी थांबलेल्या प्रक्रियेला ही सवलत सहसा मिळत नाही.

== उपाय ==

सर्व्हर परत सुरू झाल्यास अडकलेल्या आज्ञा आपोआप पुढे जातात. हाच उत्तम उपाय होय. तो शक्य नसल्यास 'यूमाउंट -एफ'ने जोडणी सक्तीने तोडतात. 'यूमाउंट -एल' जोडणी नजरेआड करते, पण आधीच झोपलेल्या प्रक्रिया तशाच राहतात. एनएफएस 'सॉफ्ट' पद्धतीने जोडल्यास ठरावीक काळानंतर त्रुटी मिळून आज्ञा सुटते खरी, परंतु लेखन चालू असेल तर माहिती नकळत अपुरी राहण्याचा धोका असतो. म्हणूनच 'हार्ड' ही पद्धत मूलभूत ठेवलेली आहे. थेट वीज तोडणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे: मेमरीत असलेली, डिस्कवर न उतरलेली माहिती त्यात कायमची जाते.